अफूच्या पेटीविरुद्ध एकोणचाळीस वर्षे

शाळेतील इतिहासाच्या पुस्तकांत चीनशी झालेली अफूची युद्धे चार-दोन ओळींत आटोपतात. कमिशनर लिन झ-श्यू याने १८३९ मध्ये वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, इंग्लंडने आरमार पाठविले, १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग इंग्रजांना मिळाले, एवढे विद्यार्थी पाठ करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु ज्या राष्ट्राने हा व्यापार चालविला, त्याच राष्ट्रात राहून त्याच्याशी तीन तपांहून अधिक काळ झगडणारी एक लहानशी मंडळीही होती, ही गोष्ट त्या धड्यात येत नाही. त्या मंडळीच्या हाती ना सत्ता होती, ना सैन्य. तिच्या विरुद्ध बाजूस एका साम्राज्याचा खजिना उभा होता. आणि तो खजिना हिंदुस्थानचा होता, म्हणून ही हकीकत आपल्या इतिहासाचाही भाग आहे.

प्रथम तो व्यापार कसा चालत असे ते पाहिले पाहिजे. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगाल व बिहारमधील अफूचा मक्ता कंपनीकडे घेतला. पुढे शेतकऱ्यास परवाना द्यावयाचा, आगाऊ रक्कम द्यावयाची, आणि आलेला सर्व माल ठरीव भावाने सरकारातच जमा करून घ्यावयाचा, अशी पद्धत कायम झाली. खसखशीच्या हिरव्या बोंडांना चिरा पाडून पाझरलेला चीक दुसऱ्या दिवशी खरवडून काढावयाचा, हे काम शेतकऱ्याचे कुटुंब करी. पाटणा व गाझीपूर येथील कारखान्यांत त्याचे गोळे वळून ते खसखशीच्या पाकळ्यांच्या आवरणात गुंडाळीत आणि चाळीस गोळ्यांची एक पेटी भरीत. कलकत्त्यास या पेट्यांचा जाहीर लिलाव होई. लिलावानंतर माल व्यापाऱ्याचा. तो चीनच्या किनाऱ्यावर कसा उतरतो याची जबाबदारी सरकार आपल्याकडे घेत नसे. वस्तुतः चीनच्या बादशहाने अफूविरुद्ध पहिला हुकूम १७२९ मध्येच काढलेला होता.

दुसरा प्रवाह माळव्याचा. शिंदे, होळकर आदी संस्थानिकांच्या मुलखात पिकणारी अफू मुंबई बंदरातून बाहेर जाई. तीवर कंपनीचा मक्ता नव्हता. परंतु मुंबईस माल नेण्याच्या परवान्यावर जकात होती. १८४३ मध्ये सिंध प्रांत इंग्रजांनी जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि मग ही जकात वाढतच गेली. मुंबईतील कित्येक मोठ्या पेढ्यांचे वैभव आणि त्या वैभवातून झालेला दानधर्मही या व्यापाराशी निगडित आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १८८० च्या सुमारास हिंदुस्थानातून वर्षाला जवळजवळ एक लाख पेट्या बाहेर जात, आणि सरकारच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे सातवा हिस्सा अफूतून येई. लढा कशाशी होता, याची कल्पना या एका प्रमाणावरून यावी.

याविरुद्ध पार्लमेंटात पहिला मोठा आवाज उठविला तो लॉर्ड ॲशली यांनी, १८४३ मध्ये. गिरण्यांतील लहान मुलांचे कामाचे तास कमी करविणारे आणि पुढे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी या नावाने प्रसिद्धीस आलेले गृहस्थ ते हेच. चीनशी वाटाघाटी चालू आहेत या सबबीवर त्यांना आपला ठराव मागे घ्यावा लागला. त्यानंतर दुसरे अफूचे युद्ध झाले, चीनला अफूची आयात कायदेशीर करणे भाग पडले, आणि इंग्लंडात हा विषय जणू निकालात निघाला.

तो पुन्हा जागा झाला तो एका निबंधस्पर्धेमुळे. डार्लिंग्टन येथील पीझ हे क्वेकर पंथाचे घराणे. इंग्लंडातील पहिल्या आगगाडीच्या इतिहासात या घराण्याचे नाव आहे. १८२५ चा स्टॉक्टन-डार्लिंग्टन लोहमार्ग उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. त्या घराण्यातील एडवर्ड पीझ यांनी अफूच्या व्यापारावरील निबंधासाठी बक्षीस लावले. ते फ्रेडरिक स्टॉर्स टर्नर यांना मिळाले. टर्नर हे चीनमध्ये मिशनरी म्हणून राहून आलेले होते. अफूचा परिणाम त्यांनी अहवालांत वाचला नव्हता, डोळ्यांनी पाहिला होता. १८७४ मध्ये लंडन येथे अफूच्या व्यापाराचे निर्मूलन करण्यासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे चिटणीसपद टर्नर यांच्याकडे आले. क्वेकर लोकांनी पैसा दिला, मिशनऱ्यांनी माहिती दिली, आणि ‘चीनचा मित्र’ अशा अर्थाच्या नावाचे संस्थेचे मासिक निघू लागले. उतारवयात शाफ्ट्सबरी तिचे अध्यक्ष झाले. सदतीस वर्षांपूर्वी मागे घेतलेला ठराव ते विसरले नव्हते.

टर्नर यांच्या कार्यपद्धतीत एक गुण विशेष होता. अफूबाजाची करुण चित्रे रंगविण्यापेक्षा सरकारी आकड्यांतूनच सरकारला कोंडीत पकडण्याकडे त्यांचा कल असे. १८७६ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या अफूविषयक धोरणाचे हिंदुस्थान व चीन यांवर झालेले परिणाम सांगणारा ग्रंथ लिहिला. पुढील अनेक वक्त्यांनी त्यातूनच शस्त्रे उचलली. १८८१ मध्ये चीनचे मुत्सद्दी ली हुंग-चांग यांनी टर्नर यांना पत्र पाठविले. इंग्लंड या प्रश्नाकडे महसुलाच्या दृष्टीने पाहते आणि चीन नीतीच्या दृष्टीने, हा त्या पत्राचा मथितार्थ होता. त्याच वर्षी लंडनच्या लॉर्ड मेयरच्या निवासस्थानी मोठी सभा झाली. कँटरबरीचे आर्चबिशप आणि रोमन पंथाचे कार्डिनल मॅनिंग यांनी एका कार्यासाठी एके ठिकाणी यावे, हे त्या काळी सामान्य नव्हते. इकडे कलकत्त्यास, त्याच सालात, वीस वर्षांच्या रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘भारती’ मासिकात चीनमधील या मरणाच्या व्यापारावर लेख लिहिला.

यानंतर मात्र ओहोटी लागली. १८८५ मध्ये इंग्लंड व चीन यांच्यात करार होऊन अफूवर अधिक कर घेण्याची मुभा चीनला मिळाली. चीननेच कर घेऊन माल स्वीकारला, मग तुमची तक्रार कशाची, असा प्रश्न संस्थेला विचारला जाऊ लागला. त्याच वर्षी शाफ्ट्सबरी वारले. मंडळीत दोन तट दिसू लागले. काहींना सावकाश, कायद्याच्या वाटेने जावे असे वाटे. काहींना हा विलंब पापासमान वाटे. चायना इनलँड मिशनचे बेंजामिन ब्रूमहॉल हे दुसऱ्या वर्गातले. त्यांनी १८८८ मध्ये आपली निराळी संघटना काढली व निराळे नियतकालिक चालविले. एका कार्याच्या दोन संस्था झाल्या म्हणजे भांडणात शक्ती खर्च होते हा नित्याचा अनुभव. येथे मात्र दोन्ही संस्था शेवटपर्यंत एकाच दिशेने चालल्या.

मूळ संस्थेचे अध्यक्षपद आता सर जोसेफ पीझ यांच्याकडे होते. खाणी, लोखंड, पेढी आणि पार्लमेंटातील जागा या सर्वांचे ते धनी. १० एप्रिल १८९१ रोजी त्यांनी असा ठराव मांडला की, हिंदुस्थानातील अफूचे उत्पन्न ज्या रीतीने मिळविले जाते, ती रीत नीतीच्या दृष्टीने समर्थनीय नाही. १६० विरुद्ध १३० मतांनी सरकार हरले. परंतु विजय हाती येता येता निसटला. अफूचे उत्पन्न बुडाल्यास हिंदुस्थानची भरपाई इंग्लंडने करावी, अशी उपसूचना लगेच पुढे आली, आणि तीवर चर्चा चालू असतानाच सभागृहाची वेळ संपली. अफू वाईट, यावर पुष्कळांचे एकमत होते. तिची किंमत कोणी द्यावयाची हा प्रश्न निघताच ते एकमत विरघळले.

या प्रश्नाकडे हिंदी लोक कसे पाहत होते, हेही येथे सांगितले पाहिजे. सद्सद्विवेकबुद्धी जागी असलेले लोक येथेही होते. दादाभाई नौरोजी तरुणपणी कामा आणि कंपनीत भागीदार असताना अफू व दारूच्या व्यापारातील नफा घेण्यास त्यांनी नकार दिला होता. पंडिता रमाबाईंच्या सहकारिणी सुंदरबाई पवार यांनी इंग्लंडात जाऊन हिंदी स्त्रियांच्या वतीने अफूविरुद्ध भाषणे केली. परंतु देशी पुढाऱ्यांत व वृत्तपत्रांत एक रास्त भीतीही होती. अफूचे उत्पन्न बंद झाले तर ती तूट मिठावरील किंवा जमिनीवरील कर वाढवून भरून काढली जाईल, आणि इंग्लंडच्या पापक्षालनाचा खर्च येथील रयतेला सोसावा लागेल. ही भीती निराधार नव्हती, आणि सरकारने तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

१८९३ मध्ये आयर्लंडचे सभासद आल्फ्रेड वेब यांनी पुन्हा हा प्रश्न पार्लमेंटात आणला. डब्लिन येथील छपाईच्या धंद्यातले हे क्वेकर गृहस्थ पुढच्याच वर्षी मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. अफू बंद केल्यावर हिंदुस्थानची तूट कशी भरून काढावी याची चौकशी व्हावी, अशी वेब यांची मागणी होती. मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांनी तीत फेरफार केला. अफू बंद करावी की नाही, आणि हिंदी लोक त्याचा खर्च सोसण्यास तयार आहेत की नाहीत, याचीच चौकशी करावी असे ठरले. शब्द थोडेच बदलले, पण प्रश्न उलटा झाला. ज्या गोष्टीस पार्लमेंटने दोन वर्षांपूर्वी असमर्थनीय म्हटले होते, ती पुन्हा वादग्रस्त ठरली.

लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली नऊ जणांचे रॉयल कमिशन नेमले गेले. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागडचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे त्यातील दोन हिंदी सभासद. संस्थेच्या बाजूचे म्हणून दोघे मानले जात. एक हेन्री विल्सन, दुसरे आर्थर पीझ, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचे सख्खे बंधू. कमिशनने १८९३-९४ च्या हिवाळ्यात कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत फिरून सातशेहून अधिक साक्षी नोंदविल्या. संस्थेचे चिटणीस जोसेफ अलेक्झांडर हे बॅरिस्टर होते. तेही कमिशनच्या मागोमाग हिंदुस्थानात आले आणि साक्षीदार मिळविण्याच्या खटपटीत राहिले. परंतु एका बाजूस परका माणूस, आणि दुसऱ्या बाजूस प्रत्येक जिल्ह्यातील सरकारी यंत्रणा. कलेक्टर, सिव्हिल सर्जन, जमीनदार, संस्थानचे कारभारी एकामागून एक येऊन सांगत होते की, हिंदी मनुष्य अफू माफक घेतो, ती त्याला थंडीतापात उपयोगी पडते, आणि तिच्यापासून दारूइतकेही नुकसान नाही.

१८९५ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. अफूपासून हिंदुस्थानात मोठी शारीरिक वा नैतिक हानी होते असे दिसत नाही आणि बंदीची आवश्यकता नाही, असा बहुमताचा निष्कर्ष होता. त्या बहुमतात आर्थर पीझ यांची सही होती. संस्थेवर झालेला हा सर्वांत कठोर आघात. शत्रूच्या पराभवापेक्षा घरच्या माणसाची सही अधिक बोचते. आर्थर पीझ हे अप्रामाणिक होते असे म्हणण्यास आधार नाही. समोर आलेल्या पुराव्याने त्यांचे मन वळले असावे. हेन्री विल्सन मात्र एकटे राहिले. त्यांनी भिन्नमतपत्रिका लिहून, पुरावा कसा गोळा केला गेला यावरच बोट ठेवले. त्याच साली सर जोसेफ यांनी पुन्हा ठराव आणला. तो मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला.

पुढील दहा वर्षे ही या संस्थेची खरी कसोटी होती. सभांना गर्दी नाही, वृत्तपत्रांत जागा नाही, आणि सरकारच्या हाती जाडजूड अहवाल. १९०२ मध्ये पीझ घराण्याची पेढी बुडाली. आयुष्यभर दुसऱ्यांना दान करणारे सर जोसेफ वैभव गमावून बसले आणि १९०३ मध्ये वारले. आपल्या कार्यास यश आलेले त्यांना दिसले नाही. या पडत्या काळात जॉशुआ राउंट्री यांनी जे केले, ते शिक्षकाला शोभेसे काम होते. त्यांनी कमिशनच्या अहवालाचे खंड पुन्हा ओळीओळीने वाचले, आणि पुढे जोडलेले साक्षीपुरावे काढलेल्या निष्कर्षाशी कोठे जुळत नाहीत ते १९०५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. फिलिपाइन बेटांतील अमेरिकन चौकशी समितीनेही याच सुमारास अफूबंदीच्या बाजूने अहवाल दिला.

१९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षास प्रचंड बहुमत मिळाले. ३० मे १९०६ रोजी बॅटली येथील लोकरीच्या गिरणीचे मालक थिओडोर टेलर यांनी १८९१ चाच ठराव पुन्हा मांडला. स्टेट सेक्रेटरी जॉन मोर्ले यांनी सांगितले की, चीनला आयात खरोखरच कमी करावयाची असेल तर हिंदुस्थान सरकार त्यागास तयार राहील. ठराव मतदानावाचून संमत झाला. सप्टेंबरात पेकिंगच्या दरबाराने दहा वर्षांत अफूचे उच्चाटन करण्याचा हुकूम काढला. पाठोपाठ १९०७ मध्ये करार ठरला, की १९०८ पासून हिंदुस्थानने चीनकडे जाणाऱ्या अफूत दरसाल ५,१०० पेट्यांची घट करावी. त्याच सुमारास नामदार गोखले यांनी वरिष्ठ कायदेकौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना, चिनी जनतेच्या अधःपातातून येणाऱ्या या उत्पन्नाची आपणांस नेहमीच लाज वाटत आली, असे स्पष्ट सांगितले. तूट भरून काढण्याची चिंता असताही हिंदी पुढाऱ्याने असे म्हणावे, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

मे १९११ मध्ये नवा करार होऊन व्यापाराचा शेवट जवळ आला. ब्रूमहॉल तेव्हा मृत्युशय्येवर होते. त्यांच्या मुलाने वर्तमानपत्रातील ती बातमी त्यांना वाचून दाखविली; थोड्याच दिवसांत, २९ मे रोजी, त्यांनी देह ठेवला. ७ मे १९१३ रोजी उपमंत्री एडविन माँटेग्यू यांनी कॉमन्स सभेत चीनला होणारी अफूची विक्री बंद झाल्याचे जाहीर केले. संस्था निघाल्यास एकोणचाळीस वर्षे होत आली होती.

या यशाचे माप घेताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली अशी की, हे श्रेय एकट्या लंडनच्या मंडळीचे नव्हे. तोपर्यंत चीनमध्येच आयातीपेक्षा कितीतरी अधिक अफू पिकू लागली होती, आणि ती पिके उपटून टाकण्याचे कष्टाचे काम चिनी लोकांनीच केले. दुसरी गोष्ट संस्थेच्या उणिवेची. तिची नजर चीनकडे इतकी लागली होती की, हिंदुस्थानातील अफू खाणारा तिला उशिरा आणि अस्पष्ट दिसला. चीनची निर्यात बंद झाल्यावरही येथील परवान्याची दुकाने चालूच राहिली. १९२४-२५ मध्ये दीनबंधू अँड्र्यूज यांच्या साहाय्याने काँग्रेसने आसामातील अफूची चौकशी केली, तेव्हा तेथील गावांची दैना उघडकीस आली. मुंबईच्या गिरणीत राबणारी आई पाळीवर जाताना तान्ह्या मुलास बाळगोळी देई, आणि त्या गोळीत अफू असे. औषधाव्यतिरिक्त होणारी निर्यात दरसाल दहाव्या हिश्श्याने कमी करीत दहा वर्षांत संपविण्याचे धोरण १९२६ मध्ये जाहीर झाले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात मादक पदार्थांच्या बंदीचे तत्त्व आले. आज परवान्याने होणारे पीक नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत औषधासाठी जाते.

व्यसन मात्र रूप पालटून येते. १९८० नंतर ‘गर्द’ या नावाने अफूचेच एक अधिक घातक अपत्य शहरांत शिरले, आणि १९८६ मध्ये पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांना ‘मुक्तांगण’ उभारावे लागले. टर्नर आणि पीझ यांची लढाई व्यापाराशी होती. अवचटांची एकेका रोग्याच्या खाटेपाशी होती. दोन्ही कामे निराळी, दोन्ही आवश्यक. पहिल्यातून माल आटतो, दुसऱ्यातून माणूस परत मिळतो.

१८७४ मध्ये संस्था स्थापन करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना १९१३ साल दिसले. टर्नर यांनी आकडे जमविले, सर जोसेफ यांनी ठराव हरत हरत मांडले, विल्सन यांनी एकट्याने भिन्न मत लिहून ठेवले, राउंट्री यांनी कंटाळवाणा अहवाल पुन्हा वाचला. १९०६ च्या ज्या सायंकाळी ठराव एकमताने संमत झाला, त्या सायंकाळी टेलर यांच्या हाती जो कागद होता, त्यावरील शब्द पंधरा वर्षांपूर्वीच्या हरलेल्या माणसाचे होते.